खोट टांकसाळीची कीं वाटेवरची?

ठाण्याहून कल्याणास जाणें म्हणजे अवघा वीस किलोमीटरांचा प्रवास. १८५३ सालच्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली आणि १८५४ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस लोहमार्ग कल्याणास पोंचला. तेव्हांपासून या वाटेचीं वर्णनें पुष्कळांनीं लिहिलीं आहेत. मासुंद्याचें पाणी, पारसिकचा डोंगर, दुर्गाडीचा किल्ला, पलीकडे अंबरनाथचें शिलाहारकालीन शिवालय, हीं सारीं स्थळें वाचकांच्या परिचयाचीं असल्यामुळें त्यांची पुनरुक्ति आम्ही येथें करीत नाहीं. या खेपेस आमचें लक्ष अगदीं क्षुद्र वाटणाऱ्या एका वस्तूकडे होतें. ती वस्तु म्हणजे या वाटेवर हातोहात फिरणारा खुर्दा. रुपया, दोन, पांच आणि दहा रुपये यांचीं तुमच्या-आमच्या खिशांतलीं नाणीं.

यास कारण घडलें तें असें. कल्याणांत पारनाक्याच्या बाजूस आमच्या एका काकूंचें घर आहे. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें अशीं सारीं एका चुलीवर जेवणारीं. काका कल्याण स्टेशनावर तिकिटांच्या खिडकीवर नोकरीस होते. दिवसभर हातांखालून जाणाऱ्या हजारों नाण्यांत एखादें विचित्र दिसलें, म्हणजे स्वतःच्या खिशांतलें तितक्याच किमतीचें नाणें पेटींत टाकून तें विचित्र नाणें ते घरीं आणीत आणि कागदाच्या चिठ्ठींत गुंडाळून एका जुन्या बिस्किटांच्या डब्यांत ठेवीत. काका निवर्तल्यावर हा डबा माळ्यावर पडून होता. पुढें धाकट्या चिरंजीवांच्या पाहण्यांत मोबाइलवरची एक जाहिरात आली: टांकसाळींत चुकून बनलेल्या नाण्यास लाखों रुपये. त्यांनीं डब्यांतील नाण्यांचीं छायाचित्रें पाठविलीं. पलीकडच्या गृहस्थानें साऱ्या डब्याची किंमत अकरा लक्ष सांगितली आणि प्रथम नोंदणीखातर पंधरा हजार रुपये मागितले. थोरल्यांचें म्हणणें पडलें कीं आधीं डबा समान वांटावा, मग ज्यानें त्यानें आपापला हिस्सा विकावा. ज्या घरांत आजवर मीठ-मिरचीचाहि वेगळा हिशेब झाला नव्हता, तेथें हिस्सा हा शब्द पहिल्यानेंच उच्चारला गेला. काकूंचा आम्हां उभयतांस निरोप आला, “तुम्ही दोघें येऊन एकदां डबा पाहून जा. नाण्यांचें काय व्हायचें तें होवो, पण घरांत ही भाषा नको.”

ठाण्यास उतरून आम्ही प्रथम जांभळी नाक्याच्या बाजारांत गेलों आणि एका भाजीवाल्याकडून पांचशें रुपयांचा खुर्दा घेतला. नाण्यांतलें असाधारण ओळखावयाचें तर साधारण काय असतें हें आधीं डोळ्यांस ठाऊक पाहिजे. तलावपाळीवर एका बांकावर रुमाल पसरून आम्ही तीं नाणीं मांडिलीं. सोबत एक दहापट मोठें दाखविणारें भिंग, एक लोहचुंबक आणि सोनाराकडे असतो तसा, परंतु खिशांत मावणारा, शतांश ग्रॅमपर्यंत दाखविणारा विजेचा कांटा, एवढेंच साहित्य होतें. येणारे-जाणारे कौतुकानें पाहत; एका वृद्ध गृहस्थांनीं तर नाण्यांवरून भविष्य पाहतां काय, असेंहि विचारिलें.

त्या रुमालावर काय नव्हतें? कोपिनेश्वराच्या दारांतून किंवा दुसऱ्या एखाद्या देवळांतून आलेलीं, हळदीकुंकवानें आणि तेलानें अक्षरें बुजलेलीं नाणीं होतीं. एकाची कड दगडावर घासलेली, एकास खिळ्यानें भोंक पाडण्याचा प्रयत्न झालेला, एकावर सुताराच्या हातोडीचा गोल घाव. कांहीं घासून इतकीं गुळगुळीत झालीं होतीं कीं सिंहांच्या ठिकाणीं केवळ उंचवटा उरला होता. यांतील प्रत्येकास बाजारांत कोणी ना कोणी चुकीचें नाणें म्हणेल. परंतु टांकसाळीची चूक यांपैकीं एकांतहि नव्हती.

टांकसाळीची चूक कशी होते हें समजण्यास नाणें कसें घडतें तें समजलें पाहिजे. मुंबईची टांकसाळ ही कोटांत, टाउन हॉलच्या शेजारीं, १८२४ नंतरच्या दशकांत बांधलेली आहे. आज कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथेंहि सरकारी टांकसाळी चालतात. कामाची रीत सर्वत्र एकच. धातूच्या लांब पट्टींतून गोल चकत्या ठोकून काढितात. मग एका यंत्रांत फिरवून प्रत्येक चकतीची कड किंचित् उचलितात. शेवटीं ती चकती एका पोलादी कड्यांत बसते आणि वरचा व खालचा असे दोन ठसे तिला एकाच आघातांत दाबितात. कड्यामुळें धातु बाहेर पसरत नाहीं, आणि कडेवरचे कंगोरेहि त्या कड्याच्याच आंतल्या खांचांनीं उमटतात. म्हणजे चकती, ठसा आणि आघात या तीन जागीं चूक होऊं शकते. आघात संपून नाणें यंत्राबाहेर पडलें कीं टांकसाळीचा संबंध सुटला. पुढें जें कांहीं होईल तें वाटेवरचें.

आतां एक साधी खूण. ठशांत जें खोल असतें तें नाण्यावर उंच येतें. ठसा म्हणजे अतिकठीण पोलाद. लक्षावधि आघात सोसून त्यास तडा जातो. त्या तड्यांत चकतीचा धातु घुसतो आणि नाण्यावर बारीक, वेडीवांकडी, परंतु उंच रेघ उमटते. ठशाची कडेची कपची उडाली तर त्या जागीं नाण्यावर कडेस चिकटलेला, गुळगुळीत, अक्षरें गिळून बसलेला उंचवटा दिसतो. खिळ्यानें, चाकूनें किंवा फरशीनें नाण्यावर पडणारी रेघ नेहमीं खोल असते आणि तिच्या दोहों बाजूंस उकरलेल्या धातूचा बारीक बांध असतो. नखानें चांचपूनहि हा भेद कळतो. मात्र खोल दिसलें कीं तें वाटेवरचेंच, असा निर्णय घाईनें देऊं नये. ठशांतल्या खळग्यांत तेल आणि धूळ साचून घट्ट झाली तर तेवढें अक्षर उमटतच नाहीं. एखादा दोरा चकतीवर पडला असतांना आघात झाला तर त्याची खोल खूण राहते. पत्र्यांतच पोकळी असेल तर वरचा पापुद्रा सुटून जातो. या खोल खोटी अस्सल टांकसाळीच्या. म्हणून आम्ही प्रत्येक नाण्यास एकच प्रश्न विचारितों: येथला धातु गेला कोठें? घाव पडला असेल तर धातु बाजूस सरकलेला असतो, कापला असेल तर वजन घटतें, आम्लांत विरघळला असेल तर सगळें नाणेंच सारख्या प्रमाणांत बारीक होतें; परंतु तो मुळींच आला नसेल किंवा ठशानें त्याला वेगळ्या जागीं नेलें असेल, तर त्याचा माग आघातापर्यंत लागतो.

वजनाचे आंकडे पाठ असलेले बरे. १९९२ पासूनचा कणसांचा पोलादी रुपया ४.८५ ग्रॅम, त्याच वेळचें अकरा कोनांचें दोन रुपयांचें नाणें ६ ग्रॅम, पांचाचें जाडजूड नाणें ९ ग्रॅम, आणि दहाचें दुहेरी धातूचें ७.७१ ग्रॅम. तलावपाळीवरच्या खुर्द्यांत दोन रुपयांचें एक नाणें फार पातळ आणि रेघा विरलेलें निघालें. कांट्यानें तें पांच ग्रॅमांच्याहि खालीं दाखविलें. दोन्ही बाजूंचीं अक्षरें सारखींच मऊ झालेलीं, कड धारदार. हें तेजाबाचें काम. असलीं नाणीं “पातळ चकतीचीं” म्हणून विकणारे बहाद्दर आहेत हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

ठाणें सोडून गाडी खाडीवर आली, तेव्हां डब्यांतल्या दोघी बायकांनीं हात जोडून एक-एक नाणें पाण्यांत सोडलें. खाऱ्या पाण्यांत आणि चिखलांत वर्षानुवर्षें पडलेलें नाणें पुनः हातीं आलें म्हणजे त्याचा रंग पालटतो, अंगावर बारीक खड्डे पडतात. असल्या नाण्याचा काळपट किंवा इंद्रधनुषी रंग पाहून वेगळ्या धातूची चकती वापरली गेली असें मानण्याकडे लोकांचा कल असतो. खड्डे मात्र लपत नाहींत. टांकसाळींतून निघालेल्या नाण्याचें अंग, मग तें कितीहि चुकलेलें असो, दाबाखालीं चेपल्यामुळें गुळगुळीत असतें.

याच मार्गावर बालपणीं आम्ही मुलांचा एक घातक खेळ पाहिला आहे. रुळावर नाणें ठेवावयाचें आणि गाडी गेल्यावर तें लांबट पान होऊन पडलेलें उचलावयाचें. हा खेळ जिवावरचा आणि कायद्याविरुद्ध, हें सांगणें नलगे. पण त्याचीं फळें अजून बाजारांत फिरतात. कड्यावांचून आघात झाल्यामुळें पसरलेलें अस्सल नाणें मूळ आकारापेक्षां मोठें असतें, त्यास कंगोरे नसतात, परंतु तें साधारण गोलच राहतें आणि मधलीं अक्षरें ठसठशीत असतात. आगगाडीच्या चाकाखालचें नाणें अंडाकृति होतें आणि त्यावरचा सिंह रबरासारखा ताणला जातो. दोहोंचेंहि वजन मात्र पुरतें भरतें. तेव्हां येथें कांट्यावर विसंबूं नये.

मुक्काम डोंबिवलीस पुतण्याकडे होता. स्टेशनाबाहेर वांट्याच्या रिक्षांत बसलों, आणि उतरतांना दिलेलें दहाचें नाणें चालकानें परत केलें. “हें पंधरा रेघांचें आहे, चालत नाहीं,” असें तो म्हणाला. ही समजूत कांहीं वर्षांपूर्वीं देशभर पसरली होती. वस्तुतः दहाच्या नाण्याचीं निरनिराळीं रूपें टांकसाळीनेंच वेळोवेळीं काढिलीं; पंधरा किरणांचीं नाणीं आधींचीं आणि दहा किरणांचीं, रुपयाच्या नव्या चिन्हाचीं, २०११ पासूनचीं. रिझर्व्ह बँकेनें १७ जानेवारी २०१८ रोजीं पत्रक काढून चौदा प्रकारचीं दहाचीं नाणीं चलनांत असून तीं सर्व ग्राह्य आहेत, असें स्पष्ट केलें. आम्ही हें सांगितलें. चालकानें ऐकून घेतलें, आणि नोटच द्या, असा आग्रह धरिला. सरकारी पत्रकापेक्षां फडके रोडवरच्या पानवाल्याचें मत त्यास अधिक प्रमाण वाटत होतें, त्यास आम्ही काय करणार?

रात्रीं पुतण्याच्या इमारतींतलीं मुलें आपापले खजिने घेऊन आलीं. एकानें मोठ्या ऐटीनें तांबूस रुपया पुढें केला. तो चुंबकास चिकटला, वजन ४.८५ भरलें, आणि कडेच्या खांचेंत पांढरें पोलाद डोकावतांना भिंगांतून दिसलें. पोलादावर चढविलेला तो तांब्याचा पातळ मुलामा होता. शाळेंत मोरचुदाच्या द्रावणांत लोखंडी खिळा बुडविला कीं तो तांबडा होतो, हा प्रयोग त्या मुलानें केलेला होता. त्याची आठवण देतांच तो स्वतःच हंसला. दुसऱ्या मुलीकडे १९८५ चा रुपया होता, ज्यावर सालाखालीं ‘एच्’ हें रोमन अक्षर होतें. तिला तो चुकीचा ठसा वाटत होता. मुंबईच्या नाण्यावर सालाखालीं हिऱ्याच्या आकाराची खूण असते, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यास खूणच नसते. परंतु मोडीची टंचाई पडली तेव्हां सरकारनें परदेशींच्या टांकसाळींतूनहि नाणीं पाडून आणिलीं. तें अक्षर बर्मिंगहॅमच्या टांकसाळीचें. म्हणजे तेथें चूक कसलीच नव्हती, उलट एक इतिहास होता. मुलीनें तो रुपया पुनः कापसांत ठेविला, आणि हें आम्हांस फार आवडलें.

चित्र विचित्र असणें आणि घडण चुकणें या दोन गोष्टी वेगळ्या, हें सांगतांना आम्ही मुलांस डुकराच्या रुपयाची हकीकत सांगितली. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या गळ्यांतील पदकावरचा हत्ती इतका लहान आणि आंखूड सोंडेचा निघाला कीं लोकांस तो डुक्कर वाटला. ओरड झाली, आणि पाडलेल्या रुपयांपैकीं बहुतेक सरकारनें वितळविले. टांकसाळीनें कोरीवकामाप्रमाणें रुपये अगदीं बिनचूक पाडिले होते. फसलें होतें तें चित्र.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कल्याणास पोंचलों. काकूंनीं चहा पुढें केला आणि डबा. थोरले एका बाजूस, धाकटे दुसऱ्या बाजूस, सुना दारांत. आम्ही विनंति केली कीं कोणीं किंमत विचारूं नये. आधीं नाणीं बोलूं द्यावीं.

एकंदर ७१ नाणीं निघालीं. प्रत्येकाभोंवतीं काकांची चिठ्ठी, आणि तींत तारीख, खिडकीचा आंकडा व दोन-तीन शब्द: “कड कमी,” “उलटें,” “आंकडा नाहीं.” आमच्या मतें नाण्यांहून या चिठ्ठ्यांचें मोल अधिक होतें. १९९४ सालचा रुपया काकांनीं १९९४ सालींच, अंगावर ओरखडा नसतांना, बाजूस काढिला असेल, तर तो वाटेवर बिघडण्यास फारसा अवसरच मिळालेला नाहीं. दुकानांतून घेतलेल्या नाण्याची अशी साक्ष कोण देणार?

वरचीं तीन तांब्याचीं नाणीं शिवराया होत्या. एकीवर ‘श्री राजा शिव’ मधला ‘शिव’ नाहींसा, एकीच्या पाठीवर ‘छत्रपति’ चीं दोनच अक्षरें. धाकट्यांच्या छायाचित्रांत याच प्रथम होत्या आणि मोबाइलवाल्यानें त्यांस महादुर्मिळ चूक ठरविलें होतें. त्या काळीं ठसा मोठा आणि चकती लहान, आणि घाव हातोडीचा. तेव्हां सगळीं अक्षरें एका नाण्यावर येणें हाच अपवाद. यंत्रानें सारखीं नाणीं निघूं लागल्यावर चूक या शब्दास अर्थ आला. शिवराई ही शिवराई म्हणून पूज्य आहे. तिला चुकीची म्हणून विकणें आम्हांस रुचलें नाहीं, आणि काकूंनीं तर त्या तिन्ही उचलून देवघरांत नेऊन ठेविल्या.

पुढचीं बरींचशीं नाणीं वांकलेलीं, ठेचलेलीं, घासलेलीं निघालीं. काकांचा डोळा जिज्ञासूचा होता, परीक्षकाचा नव्हता. जें निराळें दिसलें तें त्यांनीं ठेविलें. कमळाचें वीस पैशांचें पितळी नाणें होतें, १९६८ नंतरचें. त्यांत सोनें आहे या भाबड्या समजुतीनें लोकांनीं तें सांठविलें आणि अजून लक्ष्मीपूजनांत मांडितात. त्यांत सोनेंहि नाहीं आणि चूकहि नाहीं.

मग एक पोलादी रुपया हातीं आला, ज्याच्या कडेची चंद्रकोर नाहींशी झाली होती. चिठ्ठींत “कड कमी.” थोरले म्हणाले, “हा तर कोणी कातरीनें कापला.” येथें आम्ही सर्वांस भिंग दिलें. कातरीनें कापलेल्या नाण्याचीं अक्षरें कांठाशीं तुटक, उभीं छाटलेलीं असतात. येथें मात्र कोरीजवळचीं अक्षरें पोकळीकडे किंचित् ओढल्यासारखीं, पसरट झालीं होतीं. कारण आघाताच्या वेळीं त्या बाजूस धातूस अडविणारें कांहीं नव्हतें. आणि मुख्य पुरावा कोरीच्या बरोबर समोर होता. तेथली उचललेली कड जवळजवळ विरलेली होती. चकतीची कड उचलणारें यंत्र तिला दोहों बाजूंनीं दाबितें. एका बाजूस पोकळी असली तर समोरच्या बाजूसहि दाब बसत नाहीं. या खुणेस पाश्चात्त्य संग्राहक ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. कातरीवाला कितीहि कुशल असला तरी तो या बाजूस कापून त्या बाजूची कड विरवूं शकत नाहीं. पट्टी पुरती पुढें सरकली नाहीं, ठोकणी आधींच्या भोंकावर पडली, आणि हा रुपया जन्मतःच कोर होऊन आला. काकांचा हा पहिला अस्सल मोहरा.

दुसरें, गेंड्याचें पंचवीस पैशांचें नाणें. “उलटें,” असें चिठ्ठींत. आपल्याकडचीं हीं नाणीं पुस्तकाच्या पानाप्रमाणें फिरविलीं असतां दुसरी बाजू सरळ दिसते. हें फिरविलें तर गेंडा चारी पाय भिंतीस लावून उभा. खालचा ठसा यंत्रांत सैल होऊन पाव फेरा फिरला होता. हें सोंग बाहेर करतां येत नाहीं, निदान दोन नाणीं कापून जोडल्यावांचून नाहीं. आणि जोड असेल तर कडेवर बारीक रेघ दिसते, टिचकी मारल्यास नाद बद्द येतो. याचा नाद खणखणीत होता. पंचवीस पैसे ३० जून २०११ पासून चलनांतून गेले, तरी संग्राहकाच्या दृष्टीनें तें उणें नाहीं.

तिसरें, दोन रुपयांचें, कडेस कपचीचा उंचवटा असलेलें. चौथें, सालाचा शेवटचा आंकडा तेलानें बुजून न उमटलेला रुपया. तेथील पृष्ठ शेजारच्यासारखेंच नितळ होतें, खरवडलेलें नव्हतें. पांचवें नाणें काकांच्या वडिलांकडून आलेलें, पंचम जॉर्जचा पाव आणा. त्याच्या एका बाजूस राजा नेहमींसारखा उंच, आणि दुसऱ्या बाजूस तोच राजा आंत खोल गेलेला, उलट्या दिशेस पाहणारा. धाकटी सून चट्कन म्हणाली, “हा तर सांचाच दिसतो!” तिनें बरोबर हेरलें. आधींचें नाणें ठशास चिकटून राहिलें आणि पुढच्या चकतीस त्यानेंच ठशाचें काम दिलें. आपल्याकडच्या नाणेबाजारांत यास ‘लखी’ म्हणतात. दोन नाणीं शेगड्यांत आवळूनहि असा खोल छाप उमटवितात, पण त्या वेळीं मूळची आकृति चेपून तिच्यावरच नवी बसते. आणि येथें खोल बाजूस दुसऱ्या कसल्याहि आकृतीचा मागमूस नव्हता.

राहिलें तें दहाचें नाणें. हें काकांचें नव्हे. धाकट्यांनीं अलीकडे डब्यांत टाकिलेलें, आणि अकरांपैकीं पांच लाख एकट्या त्याचे धरिलेले. मधली चकती तिरपी, सिंह आडवे झालेले. धाकटे अगदीं श्वास रोखून पाहत होते. आम्ही म्हटलें, “भाऊ, तुम्हीच पाहा. ‘सत्यमेव जयते’ आणि सिंह मधल्या चकतीवर आहेत, ‘भारत’ हा शब्द बाहेरच्या कड्यावर. दोहोंवर ठसा एकच, आघात एकच. चकती एका बाजूस सरकूं शकेल, कड्यावर चढूं शकेल. पण चित्र एकच असल्यामुळें सिंह आणि ‘भारत’ हीं एकमेकांशीं फिरूं शकतील काय?” त्यांनीं भिंग घेतलें. सांध्याभोंवतीं चिमट्याच्या बारीक खुणा होत्या. पुष्कळ वेळानें ते म्हणाले, “कोणीतरी काढून परत बसविलें आहे.” आम्ही होकार दिला.

यानंतर आम्ही रिझर्व्ह बँकेची ४ ऑगस्ट २०२१ ची सूचना वाचून दाखविली. जुनीं नाणीं आणि नोटा विकत घेतो असें सांगून, प्रसंगीं बँकेचें नांव घेऊन, शुल्क, दलाली किंवा कर मागणारे लोक फिरत आहेत. बँक असल्या व्यवहारांत पडत नाहीं आणि कोणासहि तसा अधिकार दिलेला नाहीं, असा तिचा आशय. जो घेणारा आहे तो पैसे देतो, मागत नाहीं, एवढें तरी आमच्या वाचकांनीं घरांतल्या वडीलधाऱ्या आणि तरुण अशा दोघांसहि समजावून ठेवावें. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचे यांत चाळीस हजार गेले, आणि तेंहि एका सुशिक्षित गृहस्थाच्या हातून.

अस्सल पांच नाण्यांची मिळून किंमत जाणत्या संग्राहकाकडे कांहीं हजारांच्या पलीकडे जाईल असें आम्हांस वाटत नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगितलें. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग थोरले म्हणाले, “पांच नाणीं तिघांत वांटतां येत नाहींत,” आणि उठून त्यांनीं स्वतःच डब्याचें झांकण शोधून आणिलें. तिसरा वांटा त्यांनीं बहिणीचा धरिला होता, हें आम्हांस तेव्हां कळलें. धाकट्यांनीं पंधरा हजार बँकेंतून काढून ठेविले होते. ते दुसऱ्या दिवशीं परत भरावयाचे ठरले. मोबाइलवाल्याचे आमच्यादेखत तीन वेळां फोन आले, तिसऱ्या खेपेस काकूंनीं घेतला आणि, “आम्हांला विकावयाचीं नाहींत,” एवढेंच सांगून ठेवून दिला.

चालण्याजोगीं धड नाणीं निराळीं काढून सुनेनें तीं भाजीसाठीं बाजूस ठेविलीं. विद्रूप केलेलें नाणें २०११ च्या नाणें-कायद्यान्वयें ग्राह्य चलन राहत नाहीं, म्हणून तें दहाचें नातवाकडे खेळावयास गेलें. पांच नाणीं कापसाच्या घडींत, प्रत्येक आपल्या चिठ्ठीसह, डब्यांत परतलीं. कोर गेलेल्या रुपयाची चिठ्ठी घडीवर फाटली होती. ती धाकट्यांनीं नव्या कागदावर उतरून काढिली, तारीख, खिडकीचा आंकडा आणि “कड कमी” हे दोन शब्द, जसेच्या तसे.